फ्लायव्हील कोणत्या धातूचे, हे बिलावर लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, माळावरच्या आणि चिखलातल्या जीप स्पर्धांची तयारी करणाऱ्या सांगली-साताऱ्याकडील तरुणांवर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. या मुलांची हौस, रात्री जागून त्यांनी जुळवलेली इंजिने आणि आपल्याकडच्या लेथवाल्यांचा हात यांचे त्यात झालेले कौतुक रास्तच आहे. लेखात ओघाने असे एक वाक्य आले होते की, कंपनीचे साडेबारा किलोंचे फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावर फिरणारे जड चाक) लेथवर उतरवून आणि भोके पाडून सात किलोंवर आणले, त्यामुळे इंजिन चटकन फेरे पकडू लागले. या वाक्यात खोटे काही नाही. ते फ्लायव्हील कोणत्या धातूचे होते, एवढेच लिहायचे राहिले आहे, आणि माझा अनुभव असा की, लेखात जे लिहायचे राहते ते गॅरेजमध्ये विचारायचेही राहिलेले असते. पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी मिरजेत राहतो. यंत्रशाळेत प्रशिक्षक म्हणून बत्तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका स्नेह्याच्या शेडमध्ये बॅलन्सिंगचे, म्हणजे फिरत्या भागाचे वजन सगळीकडे सारखे आहे ना हे पाहण्याचे, यंत्र चालवतो. ब्लोअरचे पंखे, पंपांचे इंपेलर, क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील असे जे जे फिरते ते माझ्यापुढे येते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला एक तरुण बारदानात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला आणि त्याने ते माझ्या टेबलावर उलगडले. फ्लायव्हीलचे तीन तुकडे होते. "सर, बॅलन्सिंग तुम्हीच केलं होतं," एवढेच तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. वही काढून पाहिली तर खरेच होते: चार महिन्यांपूर्वीची नोंद, वजन ७ किलो १०० ग्रॅम, खाली माझी सही. धातूचा रकाना त्या वहीत नव्हताच.

तुकडे मी उन्हात नेऊन पाहिले. तुटलेला भाग करडा आणि खडीसाखरेसारखा दाणेदार होता; कुठेही धातू वाकल्याची किंवा ताणला गेल्याची खूण नव्हती. फुटलेल्या कपाचे तुकडे जसे पुन्हा एकमेकांत बिनचूक बसतात, तसे ते तीनही तुकडे बसले. चिवट धातू तुटण्याआधी थोडा तरी लांबतो, त्यामुळे त्याचे तुकडे पुन्हा असे जुळत नाहीत. वजन कमी करण्यासाठी पाडलेल्या सहा भोकांपैकी एकाच्या काठाशी, करंगळीच्या नखाएवढा भाग तेलाने काळवंडलेला होता आणि त्यापुढचा सारा भाग ताजा, चकचकीत होता. याचा अर्थ त्या काठाशी चीर आधीपासून होती, तिच्यात तेल मुरण्याइतके दिवस गेले होते, आणि तेवढे दिवस ती गाडी पळत होती. मी समतोलासाठी पाडलेली भोके परिघाजवळ होती. तडा त्यांच्यातून गेला नव्हता. त्या क्षणी मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची नंतर लाज वाटली.

साताऱ्याजवळच्या एका माळावर सराव चालू असताना हे घडले होते. एका तुकड्याने क्लचचे घर फोडले, पायाखालचा पत्रा चिरला आणि चालकाच्या टाचेला चाटून तो कापडी छतातून बाहेर गेला. टाचेला नऊ टाके पडले. शेजारची सीट त्या फेरीत रिकामी होती.

आता कारणाकडे येतो. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून ज्यांनी पाखरे हाकण्यासाठी गोफण फिरवली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दगडाला सरळ निघून जायचे असते आणि दोरी त्याला ओढून धरते. हात जितका वेगाने फिरवावा तितकी दोरी बोटाला काचते. फ्लायव्हीलमध्ये दगडही धातूच आणि दोरीही धातूच. कडेचा प्रत्येक कण बाहेर जाऊ पाहतो आणि त्याला शेजारच्या कणांनी धरून ठेवायचे असते. फेरे दुप्पट केले की ही ओढ चौपट होते, तिप्पट केले की नऊपट. यातली न पटणारी, पण पक्की गोष्ट अशी की, नुसत्या कड्यासारख्या चाकात कडे जाड केल्याने ताण कमी होत नाही, कारण धरणारा धातू वाढतो तसाच सुटू पाहणारा धातूही वाढतो. ताण ठरतो तो धातूच्या घनतेवर आणि कडेच्या वेगाच्या वर्गावर. म्हणून वेग वाढवायचा असेल तर जाडीत फार हात मारता येत नाही. धातूच बदलावा लागतो.

आपल्या वाडवडिलांची इंजिने आठवा. विहिरीवर किंवा गुऱ्हाळावर टुकटुक करत चालणारे लिस्टर धाटणीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत असे आणि त्याची दोन बाजूंची चाके सुमारे दोन फूट व्यासाची असत. त्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो, आणि बिडाच्या, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाच्या, चाकाला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास ठेवावे, असा जुन्या यंत्रकारांचा दंडक होता. ती चाके पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती या दंडकात बसत होती म्हणून. हे पाहूनच आपल्याकडे अशी समजूत रुजली की, बिडाचे चाक कधी फुटत नसते. आता त्या तरुणाच्या जीपकडे पाहा. जुन्या गाडीत पेट्रोल गाडीचे इंजिन बसवलेले, फ्लायव्हीलचा व्यास २८० मिलिमीटर, फेरे ६५००. कडेचा वेग सेकंदाला ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरहून अधिक. चाक निम्म्याहून लहान झाले आणि दिसायला निरुपद्रवी झाले, पण त्याच्या कडेतली ओढ जुन्या इंजिनाच्या चाकाच्या जवळजवळ बावीसपट झाली.

कंपनीने दिलेले बिडाचे फ्लायव्हील एवढ्या फेऱ्यांना टिकते, मग हे का टिकले नाही, असा प्रश्न त्या मुलानेही विचारला. कंपनीचा भाग ज्या आकारात काढलेला असतो, त्या आकारासाठी तो तपासलेला असतो. आपण त्यात भोक पाडले की ओढीचे जे धागे सरळ चालले होते त्यांना भोकाला वळसा घालून जावे लागते, आणि काठाशी त्यांची दाटी होऊन ताण आजूबाजूच्या दुपटी-तिपटीला जातो. त्या चाकाचे गणित मी मांडून पाहिले, तेव्हा ६५०० फेऱ्यांना भोकाच्या काठाशी चौरस मिलिमीटरला सुमारे सात किलोंची ओढ निघाली. चांगल्या प्रतीचे साधे बीड, म्हणजे बाजारात ज्याला एफजी २०० म्हणतात ते, चाचणीच्या दांड्यात चौरस मिलिमीटरला वीस किलोंच्या आसपास तुटते. जाड ओतीव भागात त्याहून कमी, आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या ताणाला तर निम्म्याच्याही खाली. सात किलो म्हणजे आपण काठावरच उभे. त्यात उतारावर चुकून खालचा गिअर पडला, तर इंजिनाला चाकेच फिरवतात. तिथे फेऱ्यांवर मर्यादा घालणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण काही करू शकत नाही, कारण ते फक्त पेट्रोल किंवा ठिणगी तोडते. फेरे एकदा ८५०० झाले की सातचे बारा किलो होतात. त्या मुलाला असा गिअर दोनदा पडल्याचे आठवत होते. शिवाय वजन उतरवल्यावर क्लचची उष्णता पोटात घेणारा धातूही कमी होतो. घासला जाणारा पृष्ठभाग अधिक तापतो, निळा पडतो आणि त्यावर केसासारख्या चिरा उमटतात. हलके केल्याने इंजिन चपळ होते हे खरेच, पण त्याची ही किंमत कुणी सांगत नाही.

बिडाला नावे ठेवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ज्या जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी उभी करून लोखंडी नांगर ओतले, आणि ज्याच्या शेजारी साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवली, त्या मुलखात बिडाला कमी लेखणे हा करंटेपणा होईल. बीड कंप गिळते, उष्णता पसरवते, घासायला उत्तम, ओतायला सोपे आणि दाबाला तर अत्यंत भक्कम. ओढीला मात्र ते कच्चे, कारण त्याच्या पोटात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्रा ही जणू आधीच पडलेली चीर असते. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असावा, लेथचा पाया बिडाचा असावा. वेगाने फिरणारा, भोके पाडून पातळ केलेला भाग बिडाचा असू नये, इतकेच माझे म्हणणे.

मग पर्याय कोणते? पहिला आपल्या दारातच आहे. आपल्या आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ज्याला एसजी आयर्न म्हणतात, त्यात वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालून पापुद्र्यांच्या ऐवजी ग्राफाइटच्या गोळ्या बनवतात. गोळीच्या कडेला चिरेसारखे टोक नसते, त्यामुळे त्याच रंगारूपाचा धातू चौरस मिलिमीटरला चाळीस किलो सोसतो आणि ४००/१५ या प्रतीचा असेल तर तुटण्याआधी पंधरा टक्के लांबतो. साधे बीड एक टक्काही लांबत नाही. पण इथे एक मेख आहे, आणि ती मी शेडमध्ये चहा पिताना भट्टीवर काम करणाऱ्यांकडूनच शिकलो. मॅग्नेशियम रसात फार वेळ राहत नाही. प्रक्रिया झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत साचे भरून झाले नाहीत, तर त्याचा गुण उतरत जातो आणि शेवटच्या साच्यांत गोळ्यांच्या जागी पुन्हा पापुद्रे तयार होऊ लागतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच लाडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून), एकाच पॅटर्नवर (साचा उठवायच्या नमुन्यावर) काढलेले पहिले फ्लायव्हील एसजी आणि शेवटचे जवळजवळ बीड, असे होऊ शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जबाबदार फाउंड्रीत प्रत्येक लाडलचा शेवटचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि गोळ्यांचे प्रमाण भरले नाही तर माल बाजूला काढतात. म्हणून "एसजीच आहे हो" हे दुकानदाराचे तोंडी आश्वासन मला पुरत नाही.

घरातल्या बायका माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तसे हे भाग दोरीला टांगून लहान हातोडीने वाजवून पाहण्याची पद्धत आहे. एसजी टणकन वाजते आणि आवाज रेंगाळतो; साधे बीड बद्द वाजते, आणि तडा गेलेले काहीही बद्दच वाजते. लेथवर बिडाचा चुरा भुकटीसारखा गळतो, तर एसजीची तासणी थोडी वळून, लांबट निघते. लेथवाल्याला त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत कळलेले असते की, आपण काय कापतो आहोत. मात्र गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून तोही सांगत नाही. या खुणा संशय घेण्यापुरत्या चांगल्या. त्यांच्या भरवशावर भाग बसवू नये.

दुसरा पर्याय पोलादाचा. ईएन ८ हे पोलाद आपल्याकडे कुठेही मिळते, त्याची ओढ सोसण्याची ताकद पंचावन्न किलोंच्या घरात असते आणि ते तुटण्याआधी वाकून इशारा देते. स्पर्धेच्या गाडीसाठी मी आता हेच सुचवतो, दोन अटींवर. प्लेट भंगारातली नसावी, कारण भंगाराला जन्मदाखला नसतो. आणि तिच्या पोटात थर सुटलेले नाहीत ना, हे अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीने, पाहिलेले असावे. गॅसने कापलेली कडा कडक होते, तिथून पुरेसा धातू लेथवर काढून टाकावा. आणि एक गोष्ट कुणी मैत्रीखातर केली तरी मान्य करू नये: तडा गेलेल्या फ्लायव्हीलला वेल्डिंग. घर, झाकण, पाया यांना डाग देऊन वर्षानुवर्षे काम भागते, हे मीही केले आहे. पण बिडाला वेल्डिंग केले की डागाच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि फिरत्या भागात ती पट्टी म्हणजे पुढच्या तड्याची तयार जागा असते.

ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील वजनाने हलके, म्हणून त्याची स्वतःची ओढही कमी. पण दीडशे-दोनशे अंशांपुढे त्याची ताकद उतरते, त्यामुळे क्लच जिथे घासतो तिथे पोलादाची चकती बसवावीच लागते. शिवाय पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, तशी मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. त्याचे आयुष्य मोजलेलेच असते. टायटॅनियम, कार्बन तंतू ही नावे हल्ली मुलांच्या तोंडी फार असतात. हलके आणि बळकट एवढ्यावर भुलू नये, याचा धडा एका मोठ्या कंपनीने फार महाग घेतला आहे. रोल्स-रॉइसने आरबी २११ या विमानाच्या इंजिनासाठी कार्बन तंतूंची पंख्याची पाती बनवली. ओढीला ती उत्कृष्ट होती, पण पक्षी आदळल्याच्या चाचणीत टिकली नाहीत. कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले आणि त्या इंजिनाच्या वाढलेल्या खर्चाने १९७१ च्या फेब्रुवारीत ती दिवाळखोरीत गेली. ताकद आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला अचानक धक्का बसणार आहे, त्या भागाला दुसरी आधी हवी.

टर्बोचार्जरबद्दल, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण तिथे आपल्यासारख्यांनी हात घालण्यासारखे काहीच नाही. पाच सेंटिमीटरचे चाक मिनिटाला दीड लाख फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३९० मीटरच्या पुढे जातो, आणि तेही सात-आठशे अंशांच्या धुरात. त्या तापात साधे पोलाद हळूहळू ताणत जाते, म्हणून ते चाक निकेलच्या मिश्रधातूचे असते. पाते तुटलेले चाक कुणी भरून देतो म्हणाला, तर त्याचे आभार मानून नवे घ्यावे.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी, कारण सर्वांत मोठी फसवी खात्री आम्हीच देतो. बॅलन्सिंग आवश्यक आहे, यात शंका नाही. मध्यापासून तेरा सेंटिमीटरवर दहा ग्रॅम जास्त राहिले, तर ६५० फेऱ्यांना ते बेअरिंगला सहाशे ग्रॅमचा हिसका देतात आणि ६५०० फेऱ्यांना साठ किलोंचा. पण आमचे यंत्र फक्त वजन कुठे जास्त आहे ते सांगते. चाक बिडाचे की पोलादाचे, त्यात पोकळी आहे की चीर, हे त्याला कळत नाही. तडा गेलेले चाकसुद्धा उत्तम समतोल दाखवते. "बॅलन्सिंग करून आणलंय" हे वाक्य मी गॅरेजमध्ये अशा सुरात ऐकतो की, जणू सुरक्षिततेचा शिक्काच मिळाला. तो शिक्का आम्ही दिलेला नसतो. मात्र आम्ही तो खोडतही नाही.

याच गॅरेजमध्ये, याच टेबलापाशी, एक वस्तू अशी असते की, तिच्या बाबतीत सारे नियम निमूटपणे पाळले जातात: ग्राइंडिंग व्हील. किरकोळ किमतीच्या त्या चाकावर कमाल फेरे छापलेले असतात, मशीनचे फेरे त्याहून जास्त असतील तर कोणताही शहाणा कारागीर ते बसवत नाही, बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने वाजवून पाहतो आणि पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभा राहतो. कायद्यालाही हे ठाऊक होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० मध्ये सहाणेच्या चाकाचा सुरक्षित वेग मशीनजवळ लिहून लावण्याची सक्ती होतीच, पण त्याच कलमात फ्लायव्हील, पुली, तबकडी यांचाही सुरक्षित परिघ-वेग ओलांडला जाणार नाही अशी व्यवस्था ठेवायला सांगितले होते. दोन-तीन माणसांचे गॅरेज कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, ही गोष्ट वेगळी. धातूला ती व्याख्या वाचता येत नाही. साखर कारखान्याच्या टर्बाइनवर काम केलेले अनेक वाचक आपल्याकडे असतील. नेमलेल्या फेऱ्यांच्या सुमारे दहा टक्के वर गेले की वाफ आपोआप तोडणारी व्यवस्था तिथे असते, कारण फेरे दहा टक्के वाढले तरी ताण एकवीस टक्के वाढतो. तिथला रोटर घडीव पोलादाचा, तपासलेला, कागदपत्रांसह आलेला. तरीही ही काळजी. आणि आपण नाव नसलेल्या चाकाला दुप्पट फेरे देतो.

कागदपत्रांचा मुद्दा काहींना कारकुनी वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची तबकडी हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या-सावरणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था निकामी केल्या. वैमानिकांनी कमालीच्या कौशल्याने ते सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणले, पण उतरताना ते कोसळले आणि २९६ पैकी शंभराहून अधिक माणसे दगावली. तबकडी टायटॅनियमची होती, म्हणजे धातूची निवड चुकीची नव्हती. वितळवताना त्यात राहून गेलेल्या एका कठीण, ठिसूळ डागापासून चीर निघाली होती आणि सुमारे सतरा वर्षे, उड्डाणागणिक ती वाढत गेली होती. तबकडीचे तुकडे काही महिन्यांनी मक्याच्या शेतात कापणीच्या वेळी सापडले. तिच्या जन्माच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले की, एकाच क्रमांकाच्या दोन तबकड्यांची नोंद आहे, आणि त्यांपैकी एक तपासणीत नापास ठरलेली होती. जिथे प्रत्येक भागाला क्रमांक असतो तिथे ही गत होऊ शकते. आपल्याकडे तर क्रमांकच नसतो.

दुसरी आठवण त्या टाचेमुळे झाली. डॉन गार्लिट्स या अमेरिकी ड्रॅग (सरळ रेषेतल्या, थोड्या अंतराच्या) शर्यतपटूच्या गाडीचा गिअरबॉक्स १९७० मध्ये त्याच्या पायांपाशी फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग त्याने गमावला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि पुढे त्या शर्यतींचा नमुनाच बदलला. आपल्या स्पर्धांत किमान क्लचच्या घराभोवती पोलादी कवच असावे, ही अपेक्षा यापुढे फार मोठी नाही.

माझी मागणी लहान आहे. फाउंड्रीने फ्लायव्हीलवर लाडलचा क्रमांक आणि धातूची प्रत उठवावी. पॅटर्नवर दोन अक्षरे वाढवायला खर्च नाही. लेथवाल्याने बिलावर "फ्लायव्हील टर्निंग" एवढे न लिहिता धातू, उतरवलेले वजन आणि किती फेऱ्यांपर्यंत ते वापरायचे, हे लिहावे. माहीत नसेल तर "धातू अज्ञात" असे लिहावे, म्हणजे घेणारा स्वतः विचार करील. स्पर्धा भरवणाऱ्यांनी हेल्मेट आणि पट्टा तपासतात तिथेच हे बिल पाहावे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांनी महिन्यातून एक दिवस आपली धातुपरीक्षणाची साधने अशा मुलांना वाजवी शुल्कात खुली केली, तर त्यांच्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकाबाहेरचे खूप काही शिकायला मिळेल. आणि आपल्या पुरवणीच्या लेखकांना विनंती की, पुढच्या वेळी किलो लिहाल तेव्हा धातूही लिहा.

माझ्या वहीत त्या दिवसापासून धातूचा रकाना आहे. तो रिकामा असला तर मी चाक यंत्रावर चढवत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके तुटली, एक-दोघांनी म्हातारा फार चिकित्सा करतो असेही म्हटले. तो तरुण मात्र टाके निघाल्यावर परत आला. या वेळी ईएन ८ चे चाक होते, कडेला पंचने क्रमांक उठवलेला, बारदानाऐवजी खोक्यात, वर अल्ट्रासॉनिकचा कागद. वजन ८ किलो २०० ग्रॅम भरले. आधीच्यापेक्षा किलोभर जास्त आहे, अशी थोडी कुरकुर त्याने केली, ती मी ऐकून घेतली. जुने तीन तुकडे त्याने माझ्याकडेच ठेवले आहेत. भोकाच्या काठावरचा तो काळा डाग अजून स्पष्ट दिसतो. ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल, त्यांनी कुपवाडच्या शेडमध्ये दुपारी चारनंतर अवश्य यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त यंत्रशाळा प्रशिक्षक, मिरज